चक्कीवरच्या दोघी

"माय जित्ती हाये मॅडम," देविदास वर्गाच्या दारात उभा राहून म्हणाला. "अन् तुमी तिले हार घातला."

त्याच्या हातात आमच्या दुसरीच्या वर्गानं बनवलेलं पुस्तक होतं. मुखपृष्ठावर त्याच्या आईचा, यमुनाबाईंचा फोटो. फोटोला कागदी झेंडूंचा हार. कपाळावर स्केचपेननं काढलेलं गंध आणि खाली एक उदबत्ती. तिचा धूरसुद्धा मुलांनी निळ्या रंगानं काढला होता.

देविदासची मुलगी प्राची आदल्या दिवशी ते पुस्तक कौतुकानं घरी घेऊन गेली होती. गल्लीतल्या कुणीतरी मुखपृष्ठाचा फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसला ठेवला. कामरगावला दिलेल्या यमुनाबाईंच्या लेकीनं तो पाहिला. फोन करायचंही तिला सुचलं नाही. ती रडतच जीपमध्ये बसली, पुढे दोन एसट्या बदलून गावात उतरली आणि बघते तर आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. मग ती आणखीच रडली.

देविदासला मी बसायला सांगितलं. तो बसला नाही. माय आता शाळेत येणार नाही, एवढं सांगून आणि पुस्तक टेबलावर ठेवून तो निघून गेला.

मी रिसोड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली-दुसरीच्या मुलांना वाचनाकडे वळवणं हे माझं मुख्य काम. त्यासाठी आम्ही प्रकट वाचन करतो. म्हणजे शिक्षकानं पुस्तक मुलांकडे धरून मोठ्यानं वाचायचं, मध्ये थांबायचं, पुढे काय होईल ते विचारायचं. वर्गात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सुतळी बांधलेली आहे. तिच्यावर पुस्तकं वाळत घातल्यासारखी टांगलेली असतात. कपाटातल्या पुस्तकाला मुलं घाबरतात, दोरीवरच्या पुस्तकाला घाबरत नाहीत.

त्या वर्षी हिवाळ्यात मी माणसांच्या हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या लोकांच्या गोष्टी वाचायला घेतल्या होत्या. त्यात परदेशातल्या एका बाईची गोष्ट होती. तिच्या देशात बसमध्ये कुणी कुठं बसायचं ते कातडीच्या रंगावरून ठरायचं. तिला जागेवरून उठायला सांगितलं आणि ती उठली नाही. मी तिथं थांबले. आता काय होईल, असं विचारलं.

"कंडक्टर उतरून देईन," एक जण म्हणाला.

"माही आजी बी नोती उठली," प्राची म्हणाली. "डब्यावरून."

प्राचीनं सांगितलं ते असं. तेव्हा गावात एकच पिठाची चक्की होती. दळणाचे डबे रांगेत ठेवायचे आणि पाळीनं दळायचं. पण प्राचीच्या वस्तीतल्या बायकांचे डबे जातीमुळे रांगेत ठेवू देत नसत. ते बाजूला ठेवायचे. सगळ्या गावाचं झालं, आणि तोवर इंजिन बंद झालं नाही, तर त्यांचं. आजी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली. एक दिवस तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं आपले डबे रांगेत ठेवले. ते कुणी हलवू नयेत म्हणून त्या डब्यांवर बसल्या. लोक ओरडले, चक्कीवाल्यानं इंजिन बंद केलं, तरी दोघी अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या आणखी बायका डबे घेऊन आल्या. शेवटी चक्की पाळीनं सुरू झाली.

मुलांना हे समजवावं लागलं नाही. खिचडीच्या रांगेत कुणी घुसलं की काय वाटतं, ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. "काहून पन? आजीचा नंबर होता ना?" एवढंच ते विचारत राहिले. मी जात म्हणजे काय ते सांगायचा प्रयत्न केला. सात वर्षांच्या मुलाला ते सांगताना आपलंच बोलणं आपल्याला खुळ्यासारखं ऐकू येतं.

आम्ही त्या गोष्टीचं पुस्तक करायचं ठरवलं. मी यमुनाबाईंना फाटकाशी गाठलं. त्या रोज नातीला सोडायला फाटकापर्यंत यायच्या, आत कधी आल्या नव्हत्या. मुलं सव्वीस जानेवारीला तुमची गोष्ट तुम्हाला वाचून दाखवणार आहेत, असं सांगितलं. त्यांनी फाटकाच्या गजातून आत पाहिलं.

"वर्गात बसू द्याल मले?" त्या म्हणाल्या. "मांगं बसतो. एक डाव लय इच्छा हाये."

मला माझी आई आठवली. माझे आईवडील रिसोडच्या बाजारात भाजी विकायचे. मी घरातली पहिली पदवीधर. बियाण्याच्या पाकिटावरचं मी वाचून दाखवायची आणि आई हातातली मेथीची जुडी तशीच धरून ऐकायची. पाकिटावरचं संपलं की म्हणायची, अजून वाच. माझा वर्ग पाहायला ती राहिली नाही. म्हणून यमुनाबाई वर्गात बसणार याची मुलांपेक्षा मीच जास्त वाट पाहत होते.

त्यात हा हार. चित्रं आणि सजावट मी मुलांवर सोडली होती. त्यांनी जे पाहिलं होतं तेच केलं. शाळेत प्रत्येक जयंतीला आम्ही टेबलावर फोटो ठेवतो, गंध लावतो, हार घालतो, उदबत्ती लावतो. थोर माणूस म्हणजे हार घातलेला फोटो, हे आम्हीच त्यांना शिकवलेलं. जिवंत थोर माणूस त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांना आम्ही मोठे सर म्हणतो.

"मॅडम, उपक्रम छान आहे. आता ते पुस्तक दोरीवर नको."

"सर, यमुनाबाई ऐकायला येणार आहेत."

"येणार होत्या." सरांनी चष्मा पुसला. "घरी जाऊन माफी मागून या. आणि यापुढे जिवंत माणसाची जयंती करू नका."

शाळा सुटल्यावर मी गेले. देविदास खाटेवर बसला होता. कामरगावची लेक भिंतीला टेकून होती, तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मी माफी मागितली. यमुनाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"हार चांगला केला पोट्ट्यायनं," त्या म्हणाल्या. "पन मानूस चुकलं."

मला कळलं नाही.

"प्राचीनं वाचून दाखवलं मले. आजी आणि तिची मैत्रीण. मैत्रीण काय? नाव नाही का तिले? केसर होती ते. तिचा डबा म्होरं, माया मांगं. ते बसली म्हून मी बसलो. मी त भिऊन उठाले लागलो होतो, तिनंच हात ओढला माया."

केसर पुढच्याच वर्षी तापानं गेली. तिच्या घरचं कुणी आता गावात नाही. मी फोटोबद्दल विचारलं.

"कायचा फोटो? तवा का आधार कार्ड होतं?" त्या हसल्या, मग सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. "हार घालाले बी काही नाही ठेवलं तिनं."

"माय, तू कधी बोलली नाही हे," देविदास म्हणाला.

"तू कधी इचारलं?"

निघताना त्यांनी आपली अट सांगितली. "केसर त्या पुस्तकात आली त मी येतो. नाही त तुमीच वाचा."

केसर कशी होती, त्या दिवशी काय म्हणाली ते मी विचारून घेतलं. हनुवटीवर गोंदण. नाक धारदार. हसताना पदर तोंडाशी. चालायची इतकी भरभर की सोबतच्या बाईला पळावं लागायचं. दुसऱ्या दिवशी हे सगळं मी वर्गाला सांगितलं आणि प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. मुखपृष्ठावरचा हार प्राचीनं अलगद सोडवून घेतला.

केसरा खूप झाल्या. एकीला चष्मा होता. एक माझ्यासारखी दिसत होती, साडीसुद्धा माझीच. कार्तिकची केसर पाठमोरी होती. त्याला नाक काढता येत नाही, म्हणून तो सगळी माणसं पाठमोरीच काढतो. मी त्याला दुसरा कागद देणार होते, पण तास संपला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर यमुनाबाई आल्या. सोबत देविदास आणि लेक. देवळात जावं तशा त्यांनी वर्गाच्या दाराशी चपला काढल्या आणि मुलांच्या सतरंजीवर मागच्या रांगेत बसल्या. मी पुढे यायला सांगितलं. "इथूनच बरं," म्हणाल्या.

मुलांनी ओळीखाली बोट ठेवत, पाळीपाळीनं वाचलं. केसरचं पान प्राचीकडे होतं. "केसर म्हणाली, आपला नंबर आहे. उठू नको." यमुनाबाईंचे ओठ तिच्यासोबत हलत होते. त्यांना वाचता येत नाही. ते वाक्य त्यांना पाठ होतं.

मग मी दोरीवरच्या केसरा एकेक करून त्यांच्यासमोर धरल्या. त्यांनी प्रत्येक चित्र नीट पाहिलं. "हे नाही. नाक असं नोतं. हे नाही. हे त मॅडम हाये." मुलं हसली. त्याही हसल्या, पण हात पुढच्या चित्रासाठी पसरलेलाच होता. चित्रं संपत आली तसा मला धीर राहिला नाही. चेहरा आम्हाला आणता येणार नव्हता.

शेवटी कार्तिकचा कागद आला. डबा, डब्यावर बसलेली बाई, डोक्यावरचा पदर, पाठ. यमुनाबाईंनी तो दोन्ही हातांत धरला.

"हेच ते," त्या म्हणाल्या. "मी मांगंच होतो तिच्या. दिवसभर पाठच पाह्यली."

देविदासनं पिशवीतून झेंडूचा खरा हार काढला. सकाळीच रिसोडहून आणला होता म्हणे. मी कागद परत दोरीवर लावला. हार त्यानं आईच्या हातात दिला, आणि यमुनाबाईंनी तो कार्तिकच्या कागदाला घातला. हार जड, सुतळी खाली झुकली.

चित्र अजून वर्गात आहे. यमुनाबाई आता नातीला सोडायला फाटकापाशी थांबत नाहीत. आत येऊन पाठमोऱ्या केसरकडे थोडा वेळ बघतात आणि जातात. एकदा त्यांनी मला विचारलं, पोट्टं तिले इकडं तोंड करून नाही काढू शकत का? कार्तिकला मी नाक शिकवते आहे. जमत नाही.

थोरामोठ्यांची गोष्ट वाचायला घेताना मी आता मुलांना आधी दोन प्रश्न विचारते. हे माणूस जिवंत आहे का? आणि त्याच्या सोबत कोण होतं? पहिल्याचं उत्तर पुस्तकात मिळतं. दुसऱ्याचं गावात शोधावं लागतं, तेही सांगणारं कुणी आहे तोवरच.