पाडसाचा सिनेमा

काल बसवनगुडीत एका गाडीवर शेंगा भाजत होत्या. त्या खमंग वासानं मला नव्वदच्या दशकातली एक दुपार आठवली.

मी तेव्हा आठ वर्षांची होते. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. पंधरा वर्षांची माझी बहीण, अक्का, एका कन्नड पुस्तकातली पाडसाची गोष्ट मला रोज आमच्या घरच्या मराठीत वाचून दाखवायची. जंगलात हरवलेल्या पाडसाला शेवटी आई सापडते, एवढं ऐकलं की मी मुकाट्यानं जेवायला बसायचे.

त्या गोष्टीवर सिनेमा आला. अक्का नको म्हणत होती, पण माझ्या हट्टापायी वडिलांनी तिकिटं आणली. सिनेमातल्या पाडसाला आई सापडलीच नाही. ते एकटंच कळपात परतलं.

बाहेर आल्यावर अक्कानं शेंगांचा गरम पुडा माझ्या हातात दिला. मी रडत म्हणाले, "अक्का, यांनी गोष्ट पार बिघडवली!"

"हो गं," माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "त्यांना नीट वाचताच आलं नाही."

पुढे कन्नड सफाईनं वाचता यायला लागल्यावर मी ते पुस्तक उघडलं. सिनेमावाल्यांनी काहीच बदललं नव्हतं. आई अक्काचीही गेली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

काल घरी येऊन मी तिला फोन केला. "पाडसाचा सिनेमा आठवतो?"

"कसला भिकार होता!"

"हो ना. पुस्तकापेक्षाही तुझीच गोष्ट चांगली होती."

ती म्हणाली, "कधी वाचलंस गं?"