जाम मशीनवरची ताजी शिलाई

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. आमचं घर बौद्ध, पणदरे गावातलं. भूत-भानामतीला थारा नाही. तरुणपणी तर मी अंगात आलेल्या बाईच्या तळपायाला गुदगुल्या करून बघायचे! ती हसली की मी गावभर सांगत सुटायचे... स्वतःला कोण शहाणी समजायचे! पाचवारी नीट नेसता येत नव्हती, पण अक्कल मात्र अख्ख्या गावाला वाटत फिरायचे.

तर झालं असं. मुलाच्या बारामतीच्या फ्लॅटवर राहायला जायचं ठरलं. तिथं शिवणयंत्राला जागा नाही. ते माझ्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं. ती जन्मभर आमच्याकडेच राहिली आणि तिनं गावाचे कपडे शिवले. ती गेली तेव्हापासून मशीन जाम. नात सायली मोबाईलवर जाहिरात टाकायला बसली.

"आज्जी, कंडिशन काय लिहू?"

"लिही, जाम हाय. चाक फिरत न्हाय, पट्टा तुटलाय."

"अगं, असं लिहिल्यावर कोण घेईल?"

"मग खोटं सांगून कुणाच्या गळ्यात मारू व्हय?"

तिनं फोटो काढले, जाहिरात गेली. पहिला फोन इंदापूरकडच्या एका हॉटेलवाल्याचा. त्याला फक्त लोखंडी पाय हवे होते, वर फळी टाकून टेबल करायला. "वरचं मुंडकं भंगारात घालतो, आजी." मी हो म्हणाले खरी... पण मनाला पटेना. कुसुम त्या मशीनला कुणाला हातसुद्धा लावू देत नसे.

दुसऱ्या दिवशी निरवांगी गावच्या कुणा रेखाचा मेसेज आला. ती घरीच शिवणकाम करते. 'मावशी, जाम लिहिलंय, पण फोटोत सुईखाली ताजी शिलाई दिसतीय. खरं काय ते सांगा.'

सायलीनं फोटो मोठा केला. मशीन ठेवून देताना सुईखाली चिंधी ठेवायची, ही कुसुमची शिस्त. ती गेल्यावर मीच पांढरी चिंधी ठेवली होती. कोरी. फोटोत तिच्यावर लाल दोऱ्याची शिलाई होती!

आतल्या खोलीत जाऊन पाहिलं. होतीच. पट्टा तुटून लोंबकळतोय, सुई गंजलेली, तिच्यात दोरा नाही... आणि शिलाई लालभडक. शेवटाला आडवी वळवून टाचलेली. ते जुनं मशीन उलटं शिवत नाही, म्हणून कुसुम हातानं कापड फिरवून तसं टाचायची.

"सायले, तुझेच उद्योग ना हे?"

"आज्जी, शप्पत! मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही." पोरगी रडायलाच लागली.

आता कंडिशन काय लिहायची? चालू म्हणावं तर खोटं, जाम म्हणावं तर फोटो बोलतोय. हॉटेलवाल्याला नाही म्हणून कळवलं. रेखाला लिहिलं, 'मलाच कळंना. येऊन बघ.'

ती नवा पट्टा घेऊन आली. बरोबर आलेल्या तिच्या नवऱ्यानं जोर लावला, चाक हललं नाही. मग तिनं हलकेच चिंधी काढून माझ्या हातात दिली... आणि चाक बोटानं फिरलं. ती खूश. मशीन टेम्पोत चढलं. मी मात्र चिंधी मुठीत धरून दारातच बसून राहिले.

परवा तिचा फोन आला.

"मावशी, मशीन झ्याक चालतंय. पण एक इचारू? शिलाई संपत आली की कापड आपसूक आडवं वळतंय. मी हात बी लावत न्हाय. जाहिरातीत हे लिवलं न्हवतं तुमी."

ती पोर रोज एकटी त्या मशीनवर बसते. तिला काय सांगू? कुसुम कुणाचं वाईट करणारी नव्हती, हे मला ठाऊक आहे. पण ती कुसुमच आहे, हे कुठं ठाऊक आहे?

"टाका कसा पडतोय गं शेवटाला?" एवढंच विचारलं.

"लई पक्का, मावशी. ओढून बी उसवत न्हाय."

"मग काम झाल्यावर सुईखाली चिंधी ठेवत जा, बाई. मशीन उघडं सोडू नगंस."

गुदगुल्या करणारी ती शहाणी आज समोर असती, तर खो-खो हसली असती. हसू दे. लाल दोऱ्याची चिंधी माझ्या उशाखाली आहे, आणि तिच्यावरची शिलाई उसवून बघायचा धीर मला अजून झालेला नाही.