निकेलची कडी

"आधी तोंड बघ गो, मग नख लाव," असं म्हणत तो वस्तू तिरकी धरायचा. आपलं तोंड दिसलं तर निकेलचा मुलामा, नुसतीच चमक दिसली तर रंग. तरी शंका राहिलीच तर काठावर नख ओढायचं. रंग काठावर जाड बसतो, नखाला लागतो. मुलाम्याखाली मात्र कानशीचा ओरखडासुद्धा दिसतो.

लालबागला कड्या-कोयंड्यांच्या दुकानात मी काउंटरवर होते. वय वीस, आणि अक्कल दुकानाच्या पाटीएवढी, असा माझा समज. तो डिलाईल रोडचा, कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा. संप लांबला तसा मागच्या गल्लीत निकेल चढवण्याच्या कारखान्यात लागला. माल पोचवायला यायचा तेव्हा हातांना आम्लाचा वास असे. मी नाकाला रुमाल लावायचे, आणि त्याच्या यायच्या वेळेला वेणीत अबोलीही माळायचे. काय म्हणावं अशा मुलीला?

एकदा हळूच म्हणाला, "गिरणी चालू झाली की तुझ्या बाबांना भेटतो." तेव्हापासून मी येईल त्या गिऱ्हाइकाला संपाचं विचारू लागले. आमचे शेठ म्हणत, हिला पुढारी करा.

गिरणी काही चालू होईना. एका दुपारी त्याने काउंटरवर एक कडी ठेवली. "तुझ्यासाठी केली. घराला लावू." शेवटचा शब्द इतका बारीक, की ऐकूनही मी न ऐकल्यासारखं केलं. समोर दोन गिऱ्हाइकं उभी. मला चढला शहाणपणा.

"चंदेरी रंग फासलाय हा. तोंड कुठं दिसतंय?"

"नख लाव," तो म्हणाला.

मी आदल्या दिवशी आयुष्यातलं पहिलं नेलपॉलिश लावलं होतं. लालभडक. "माझं पॉलिश जाईल," म्हटलं.

तो मालाची रिकामी पेटी उचलून गेला. महिन्याभरात तो कायमचा गावाला गेल्याचं कळलं. घरी नेऊन कडी तिरकी धरली तर आत माझं तोंड, पिवळसर, लाजलेलं. नख लावलं. पॉलिशच निघालं.

आता नातीकडे कड्या-मुठी सगळं पावडर कोटिंगचं, भट्टीत भाजलेला रंग, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत. मी नख लावते, ती ओरडते. माझ्या दाराला मात्र तीच कडी आहे. दुकानातून आणली, एवढंच ह्यांना सांगितलं होतं. रोज अंगठा पडतो तिथलं निकेल झिजून खालचं पितळ वर आलंय. दार लावताना मी आधी तोंड बघते.