मॅकच्या पोटातली जुनी विंडोज

गोव्यात मांद्र्याला माझ्या मामाचा बर्फाचा कारखाना आहे. तसा छोटाच, पण आसपासच्या होड्या आणि मासे विकणाऱ्या बायका त्याच्यावरच अवलंबून. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली होती, बांगडा भरपूर लागत होता आणि नेमक्या त्या आठवड्यात एका सकाळी मामाचा मला डिचोलीला फोन आला.

"बाय, पॅनलातलो प्रोग्राम पुसान गेलो. तुझो कॉम्प्युटर घेऊन ये गो."

कारखान्याच्या पॅनलमध्ये एक लहानसा कंट्रोलर आहे. आधी पाण्याचा पंप, मग पंखा, मग कॉम्प्रेसर, दाब वाढला तर सगळं बंद, हे तो ठरवतो. त्याची आतली बॅटरी संपली होती आणि वीज गेल्यावर त्याची स्मृती कोरी झाली. पॅनल बनवणाऱ्या इंजिनियरने प्रोग्रामची फाइल आणि तो भरायचं सॉफ्टवेअर मेलने पाठवलं होतं, पण त्याला स्वतःला पुढच्या आठवड्याशिवाय येता येणार नव्हतं. सॉफ्टवेअर फार जुन्या विंडोजवर चालणारं. कारखान्यातल्या हिशेबाच्या नव्या संगणकाने ते घ्यायलाच नकार दिला.

माझ्याकडे तर मॅक. मी मोबाइलची अ‍ॅप्स बनवते, मला मॅकच लागतो. पण मॅकच्या आत एक वेगळाच संगणक उभा करून दाखवणारं सॉफ्टवेअर मी पूर्वी हौसेने बसवलं होतं आणि त्यात जुनी विंडोज घातली होती. पॉलिटेक्निकमध्ये मी ज्या विंडोजवर प्रोग्रामिंग शिकले, तीच. घरी नवरा हसायचा. एवढा महागाचा मॅक घेऊन त्यावर जुनाट खिडक्या उघडत बसतेस, म्हणायचा.

पोचले तेव्हा कॉम्प्रेसरच्या खोलीत कधी नव्हे ती शांतता होती. ऑपरेटर गडहिंग्लजचे, मामाकडे कितीतरी वर्षं आहेत. त्यांनी कंट्रोलरची बॅटरी आधीच बदलली होती. त्यांनी पॅनलसमोर टेबल आणून ठेवलं, कंट्रोलरला जोडायची केबल पुसून हातात दिली. बाहेर मासे विकणारी एक बाई रिकामे क्रेट घेऊन बसली होती. "आज बर्फ मेळात मगे?" तिने विचारलं. मामा तिचे क्रेट उचलून सावलीत ठेवू लागला. तिला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

मी जुनी विंडोज सुरू केली. मॅकची चिप वेगळ्या जातीची, त्यामुळे विंडोजची प्रत्येक आज्ञा आधी भाषांतर करून मग पाळली जाते. सगळं रांगत चालतं. खिडकी उघडायला इतका वेळ लागला की मामा दोनदा बाहेर जाऊन आला. पण सॉफ्टवेअर बसलं. केबल लावली, ती मॅककडून आतल्या विंडोजकडे सोपवली, आणि कोपऱ्यात तिचं नाव उमटलं. मला तिथेच उठून नाचावंसं वाटलं.

प्रोग्राम भरायला घेतला. थोडा गेला आणि संपर्क तुटला. पुन्हा केलं, पुन्हा तुटला.

"ताई, केबल खराब हाय का?" ऑपरेटरांनी विचारलं.

"केबल असती तर एकदा इथे, एकदा तिथे तुटलं असतं. हे दर वेळी उत्तराची वाट बघताना तुटतंय."

बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. कंट्रोलर वेळेवर उत्तर देत होता. माझी आतली विंडोजच इतकी हळू होती की ते उत्तर वाचून होईपर्यंत सॉफ्टवेअरचा धीर संपत होता. मी सेटिंग्जमध्ये शिरले. वाट बघण्याची मुदत जितकी वाढवता येईल तितकी वाढवली आणि केबलवरून माहिती जाण्याचा वेग सगळ्यात खाली आणला. कंट्रोलरलाही तोच वेग सांगितला.

"जमतला मा?" मामाने हळूच विचारलं.

"हळूहळू जाईल. कोणी केबलला हात लावू नका."

पडद्यावरची निळी पट्टी सरकत राहिली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो. मघाशी तुटलं होतं ती जागा मागे पडली. अर्धी झाली. शेवटी ती भरली आणि खाली एक ओळ आली, प्रोग्राम बरोबर उतरल्याची. मी इंजिनियरला फोन लावला. त्याच्या सांगण्याप्रमाणे ऑपरेटरांनी एकेक सुरक्षा-स्विच दाबून बघितला, दर वेळी पॅनलवर बरोबर त्याचाच धोक्याचा दिवा लागला. मग त्यांनी मामाकडे पाहिलं, मामाने मान हलवली आणि त्यांनी बटण दाबलं.

पंप सुरू झाला. पंखा फिरला. आणि एक धक्का देऊन कॉम्प्रेसर असा गरजला की टेबलावरचा माझा मॅक थरथरला.

"उठलं की वो मशीन!" ऑपरेटर म्हणाले. मामाने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. आवाजात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून मामा बाहेर जाऊन त्या बाईला उद्याचं सांगून आला: "फाल्यां सकाळीं ये."

इंजिनियर फोनवर अजून होता, म्हणून मीही बाहेर आले. मी हे मॅकवर केलं हे त्याला खरं वाटेना. मी त्याला सावकाश, एकेक पायरी सांगितली. सांगताना माझा आवाज जरा चढलाच होता, आणि मी तो खाली आणला नाही.

त्या रात्री मी मामाकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी साच्यातून बर्फाची पहिली लादी घसरून सिमेंटवर आली, धुरकट आणि सरळ कडांची. क्रेटवाली बाई माझ्याआधी पोचली होती. मी वाकून लादीवर तळवा ठेवला आणि बोटं बधिर होईपर्यंत उचलला नाही.