फुगेबाईंचा फुगा

‘विभागप्रमुखपद माझ्याकडे आले तेव्हा त्या रुसल्या, महिनोन्महिने गाल फुगवून वावरल्या, म्हणून विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव फुगेबाई ठेवले.’ आमच्या महाविद्यालयाच्या स्मरणिकेत एका निवृत्त प्राध्यापकांनी हे छापले आहे. बाई आता नाहीत. ज्यांनी त्यांना पाहिले नाही ते एवढेच वाचणार, आणि हे धादांत खोटे आहे.

ऐंशीच्या दशकातले मुलुंड. बाई प्राणिशास्त्र शिकवत. मी त्यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक. पदर खोचून त्या स्वतः नाल्याच्या काठी उतरत आणि गाळातून लाल अळ्या वेचून आणत. स्टाफरूममधून टोमणा येई, ‘काय बाई, आज ताजी मासळी?’

‘हो ना! टाकू दोन तुमच्या डब्यात?’ बाई बरणी पुढे करत. टोमणेवाला घाईने डबा झाकी.

त्या अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रे इतकी जाड, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसावीत. बाई पोरांना बजावत, ‘प्रत्येक पेशीत जनुकं तीच रे. निरोप आल्यावर कोण जागं होतं, ते बघ!’ निरोप म्हणजे कात टाकायच्या वेळी अळीच्या अंगात पाझरणारे संप्रेरक. ते पेशीत शिरते, तिथला ग्राही त्याला धरतो, दोघे मिळून नेमक्या जनुकापाशी पोचतात आणि ते जनुक कामाला लागते.

एकदा त्यांनी एक ग्रंथी साध्या द्रवात ठेवली, तिची जोडीदार संप्रेरकाच्या द्रवात. ‘परब, लावा डोळा.’ पहिलीत गुणसूत्र एकसारख्या जाडीचे, पट्ट्यापट्ट्यांचे. दुसरीत एका पट्ट्यापाशी टम्म फुगवटा: जागे झालेले जनुक! मी ओरडलो, ‘बाई, फुगा!’

बाई खळखळून हसल्या. ‘इंग्रजीत पफ म्हणतात. आपल्याकडे आजपासून फुगाच!’ भोवती उभ्या पोरांनी ते ऐकले, आणि बाईंना नाव मिळाले.

आणि म्हणे रुसल्या! पदासाठी त्यांना डावलले त्या दुपारी संतापलो होतो मी. ‘बाई, तुम्ही काही बोलत कशा नाही?’

‘रुसायला वेळ कुठाय हो, परब? या अळ्या उद्या कोशात जातील.’ भिंगावरचा डोळा हललासुद्धा नाही.

प्राध्यापकमहाशयांनी स्वतःची स्मृती तपासावी. विभागप्रमुख होण्याच्या कितीतरी आधी, रुजू झाले त्या पहिल्याच सकाळी, प्रयोगशाळेच्या दारात त्यांनी मला विचारले होते, ‘अहो, ही पोरं फुगेबाई, फुगेबाई म्हणतात, त्या कोण?’