बाबांच्या पाठीवरच्या रेघा मी पुसल्या

मित्रमैत्रिणींनो, आज मी शुद्ध गाढवपणा केला.

बाबांचा कॅन्सर हाडांत पसरलाय. बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी सरळ सांगितलंय. पण पाठीचं दुखणं कमी व्हावं म्हणून पाच दिवस रेडिएशनचा शेक द्यायचाय. काल पहिला झाला. त्यासाठी पाठीवर शाईच्या रेघा आखल्या होत्या. आज सकाळी आंघोळ घालताना मी त्या साबणाने घासून काढल्या.

पुसू नका म्हणून बजावलं होतं हो! पण हाताला सवय. लहानपणी मदन महल मोहल्ल्यातल्या घरी बाबा फॅक्टरीतून यायचे तेव्हा लोखंडावर मार्किंग करायची निळी शाई त्यांच्या बोटांना असायची. ती घासून काढणं माझं काम.

हॉस्पिटलमध्ये मला रडूच आलं. टेक्निशियन भैयांनी मापं घेऊन रेघा पुन्हा आखल्या. बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "काहून रडून राहिली? मार्किंग पुसलं तर पुन्हा करतात. लोखंड थोडीच फेकून देतात!"

नंतर डॉक्टरांनी दुखण्याची गोळी वाढवली. नर्सदीदींनी झोपेचं, पोटाचं विचारलं आणि मग म्हणाल्या, "अंकल, मन क्या करता है?"

"सबके साथ नीचे बैठकर खाना है, बस."

तुमच्या बाबांच्या हातांना कामाचा कोणता रंग लागायचा?

माझ्या बाबांनी आत्ता जेवणाआधी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. हात स्वच्छच होते. तरी मी साबण लावून बराच वेळ घासले.