सव्वा दोनला कोण हिंडतं?

आता काय लपवायचं तुमच्यापासून? गेल्या महिन्यात मी स्वतःलाच घाबरलो होतो.

मुलगा पुण्याला असतो. त्यानं आम्हा दोघांसाठी झोप मोजणारे दोन काळे पट्टे पाठवले. रात्री मनगटावर बांधायचे, सकाळी आपापल्या मोबाइलवर झोप बघायची. मी माझी बघितली. जेमतेम चार तास! रोज सव्वा दोनला जाग, पुन्हा पावणेपाचला जाग. बायकोच्या, सुमनच्या, मोबाइलवर मात्र सलग साडेसात तास.

"तुझं बरंय बाई, पडलीस की ढाराढूर," असं मी तिला रोज ऐकवायचो. ती मला जायफळ घालून दूध द्यायची.

मग मला थकवाही जाणवायला लागला. ऑफिसातून अर्ध्या रजेवर घरी येऊन आडवा व्हायचो. सकाळी भावाबहिणींच्या ग्रुपवर माझ्या झोपेचा आलेख टाकायचो. आमची आई, आक्का, खुब्याचं हाड मोडल्यापासून वर्षभर आमच्याकडे अंथरुणावर आहे. शिंदखेड्याच्या बहिणीला वाटलं, मी आक्कासाठीच जागतो. 'भाऊ, किती करतोस रे तिच्यासाठी,' असं तिनं लिहिलं. मी कधी उठल्याचं मला आठवत नव्हतं. तरी हात जोडल्याचं चित्र पाठवून गप्प बसलो. आता लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

शेवटी धुळ्यातल्याच एका डॉक्टरांना मोबाइल दाखवला. त्यांनी विचारलं, जाग आल्यावर वीस-वीस मिनिटं चालता, ते कुठे जाता? मला काही म्हणता काही आठवेना. म्हणजे मी झोपेत चालतो? घरी आल्या आल्या गच्चीच्या दाराला कुलूप घातलं, सुऱ्या कपाटात ठेवल्या आणि सुमनला समोर बसवलं.

"सव्वा दोनला मी उठून घरभर हिंडतो. कुठे जातो, काय करतो, मला ठाऊक नाही. तू जपून राहा."

कॉटवरून आक्का बोलली.

"तू कव्हय उठना रे? सव्वा दोनले सुमन उठस. माले कूस बदली देस."

पट्टे तपासले. दोन्ही एकाच ठिकाणी चार्जिंगला लावायचो, तिथेच पहिल्या दिवशी अदलाबदल झाली होती. माझ्या मोबाइलवरचं जागरण सुमनचं होतं. वर्षभर ती रोज रात्री दोनदा उठत होती, आणि तिच्या शेजारी मी सलग साडेसात तास घोरत होतो.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं बायकोला काय म्हणावं? निदान तिचा हात तरी हातात घ्यावा. मी छातीवर हात ठेवला, मोठा श्वास सोडला आणि म्हणालो,

"सुटलो बुवा. म्हणजे मला काहीच झालेलं नाही."